भूमीने मिटलेले ओठ

एका राज्यात पाऊस पडे, पण थेंबही मुरत नसे. ढग येत, गडगडत, कोसळत. आणि सारे पाणी तुळतुळीत दगडावरून ओघळावे तसे सीमेपार वाहून जाई. आड कोरडे, विहिरी कोरड्या. प्रजा तीन कोसांवरच्या परक्या नदीवरून पाणी वाही.

त्या राज्यात भैरोजी नावाचा वृद्ध पाणाड्या राहत होता. अनवाणी चालता चालता खालचा झरा ओळखावा, अशी त्याची विद्या. आता ती विद्या कोणाच्या कामाची? तो गावविहिरीच्या काठी बसून राही आणि गेलेले दिवस आठवी. रहाटाची ती कुरकुर. बायकांची थट्टामस्करी. भरली घागर डोक्यावर घेताना त्याची गोदूबाई मान किंचित डावीकडे कलती करी, ते. गोदूबाई जाऊन सहा वर्षे झाली होती. आठवता आठवता म्हाताऱ्याचे काळीज चरकत असे. कारण विहीर कोणामुळे आटली, हे त्याला ठाऊक होते.

दहा वर्षांपूर्वी राजा रत्नकेतूच्या दरबारी एक मांत्रिक आला होता. "भूगर्भातले झरे मला दाखवा, त्यांची नीलरत्ने करून देतो," तो म्हणाला. झरे दाखवले भैरोजीने. राजाने पाठ थोपटली, तेव्हा त्याची छाती फुगली होती. मांत्रिकाने पाताळातले पाणी ओढले, त्याची रत्ने केली. राजवाड्याचे तळघर निळ्या उजेडाने भरले. मांत्रिक आल्या वाटेने गेला, आणि त्याच दिवशी भूमीने ओठ मिटले.

एके दुपारी विहिरीच्या काठी एक खंड्या पक्षी उतरला आणि मनुष्यवाणीने बोलला.

"भैरोजी, भूमीचा निरोप ऐक. तलावाचा गाळ उपसा, माझा श्वास कोंडला आहे. घेतलेले परत द्या, पण गाळून द्या. घाण मी गिळणार नाही. आणि दिलेले वर्षभर मागू नका."

"तिसरे काम सोपे आहे."

"तेच अवघड आहे," खंड्या म्हणाला आणि उडून गेला.

भैरोजी दरबारात गेला. आपला अपराध त्याने भर सभेत सांगितला, मग निरोप सांगितला.

राजा उसळला. "रत्ने मातीत घालू?"

"महाराज, उद्या नदीपलीकडच्या राजाने घाट बंद केला, तर रत्ने चाटून तहान भागेल का?"

राजाने कमरेची तळघराची किल्ली काढून दिली.

चाळीस दिवस सारे राज्य कोरड्या तलावात राबले. पिढ्यांचा चिकट गाळ उपसून शेतांत टाकला, तेव्हा खालची वाळू उघडी पडली. मग आटलेल्या विहिरींत तळाशी मोठे धोंडे, त्यांवर गोटे, त्यांवर वाळू, असे थर रचले. वर रत्ने ओतली. ती वितळेनात! राजा कितीतरी वेळ पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "ही माझी नव्हेत." तत्क्षणी रत्नांचे पाणी झाले आणि वाळूतून झिरपत खाली गेले. पाठोपाठ पाऊस आला. तलाव भरला, आणि भरलेला तलाव मातीने हळूहळू पिऊन टाकला.

तिसऱ्या महिन्यात गावविहिरीत हातभर पाणी चमकले. बातमी पसरली. राजा स्वतः घागर घेऊन आला. भैरोजी आडवा उभा राहिला.

"बाजूला हो. युवराज तापाने फणफणला आहे. एकच घागर."

"नदीचे पाणी मी आणून देतो, महाराज. हे नाही."

"मी तलवार उपसीन."

"उपसा. एकदा तुम्हाला हो म्हणालो, त्याचे फळ सारे भोगताहेत. आज नाही म्हणतो."

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला, मग खाली आला. तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला. भैरोजी नदीवर जाऊन आला. त्या पाण्याने युवराजाचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी राजा पुन्हा आला, रिकाम्या हाताने.

"पूर्वी इथे काय होते, सांग."

भैरोजी सांगू लागला. रहाटाचे, थट्टामस्करीचे, गोदूबाईचे. राजा रोज येऊ लागला. म्हातारा सांगे, राजा ऐके, आणि खाली पाणी गुमान चढत राही.

वर्ष भरले. झऱ्यांनी तोंडे उघडली, शाप सुटला. राजाने पहिली घागर स्वतः ओढली आणि ओंजळ भैरोजीपुढे धरली.

तो प्यायला.

"कसे आहे?" राजाने विचारले.

"हे ते पाणी नव्हे, महाराज. ते गेले." त्याने डोळे पुसले. "हे नवे आहे. पण गोड आहे."

त्या राज्यात पुढे नेम झाला: आधी भूमीला पाजावे, मग आपण प्यावे. कहाणी इथे मुरली. ऐकणाऱ्यांच्या विहिरींना पाझर फुटो.