शास्त्रीबुवांची बोटं

सोमगीर महाराजांचा मुक्काम तेव्हा आंबेसांगवीला होता. गावाबाहेर बंद पडलेल्या तेलघाण्याच्या छपरात ते राहत. दर्शनाला कोणीही यावं, कुठेही बसावं. चांभारवाड्यातली कोंडाबाई रोज सकाळी ती जागा झाडून काढी आणि कोपऱ्यात बसून राही. नवस नाही, मागणं नाही. मागावं असं तिचं काही उरलंच नव्हतं.

तिची मुलगी ठकी सहा वर्षांची होऊन तापाने गेली होती. गावात वैद्य एकच, धुंडिराजशास्त्री. नाडीपरीक्षेत त्यांचा हात धरणारा दहा कोसांत नाही, असं लोक म्हणत आणि ते स्वतः जरा जास्तच म्हणत. पण चांभाराच्या पोरीला शिवायचं कसं? ठकीच्या मनगटाला सूत बांधलं. पोर अंगणात, शास्त्रीबुवा ओटीवर, आणि सुताच्या दुसऱ्या टोकावरून निदान झालं, पित्तज्वर! सात दिवस लंघन, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पोर पाणी पाणी करत आठव्या दिवशी गेली. शेवटची अंघोळ घालताना आईच्या हाताला जांघेतलं अवधाण लागलं, लिंबाएवढी गाठ. पायाला जखम चिघळली की अशी गाठ येते, हे कोण जाणत नाही? टाचेत बाभळीचा काटा पिकला होता. कातडं कमवायला बाभळीची साल लागते, तिचा ढीग दारातच असे. गावाच्या वहाणांतले काटे बोटांनी चाचपून काढणारी ही बाई; पण वैद्याने पित्त म्हटल्यावर तिने पोरीचे पाय पाहिलेच नाहीत. हे तिने एका महाराजांनाच सांगितलं होतं.

एकदा घाण्यापाशी कुणाचं तापलेलं पोर पाहून ती म्हणाली, “बाई, आधी त्याचं अंग चाचपून बघ, डोक्यापासून टाचंपर्यंत.” शास्त्रीबुवा नेमके वाटेने चालले होते. ते थांबून म्हणाले, “घ्या! वहाणा शिवणारी आता ज्वराचं निदान करणार. आणि गुरू कोण, तर घाण्यातला गोसावी.”

माणसं हसली. कोंडाबाईने मान खाली घातली. महाराज एवढंच म्हणाले, “शास्त्रीबुवा, बोटं सांभाळा.”

पुढच्याच महिन्यात शास्त्रीबुवांचा सात वर्षांचा नातू वामन तापाने फणफणला. आजोबांनी नाडी पाहिली, पित्तच म्हणाले, लंघन सांगितलं. ताप हटेना. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मनगट धरलं, तर बोटांना काहीच लागेना. पोर डोळे उघडून पाहतंय आणि नाडी नाही! सुनेचा हात धरून पाहिला, स्वतःचा पाहिला. सगळीकडे तेच. माणूस घाबरला, अनवाणी धावत घाण्याशी आला.

महाराज म्हणाले, “नाडी आहे. बोटं गेलीत तुमची. पोर या कोंडाबाईला दाखवा.”

कोंडाबाई जागची हलली नाही. ती म्हणाली, “म्हाराज, माझ्या ठकीला हात लावाया कोण आलं व्हतं?”

“कोणी नाही.”

“मग म्या का जावं?”

“जाऊ नकोस,” महाराज म्हणाले. “तुला कोण बोल लावणार? पोराला मात्र तहान लागली असेल.”

ती पदराने तोंड पुसून उठली.

शास्त्र्यांच्या माजघरात तिने आधी वामनला पाणी पाजलं. कोणी नको म्हणालं नाही. मग टाळूपासून चाचपत खाली आली. जांघेत अवधाण होतं. तिचे हात तिथे क्षणभर थांबले. उजव्या टाचेला बोट लावताच पोर कळवळलं.

“कुठं गेला व्हतास रं बाळा?”

वामन तिच्या कानाशी पुटपुटला, “तुमच्या वाड्यात. खेळायला. सांगितलं असतं तर आजोबांनी मारलं असतं.”

पोर विटाळाच्या भीतीने काटा पायात घेऊन निजलं होतं. कोंडाबाईने कमरेला खोचलेली कातडं टोचायची आरी दिव्यावर तापवून टाच फोडली. पू आला, मागून बोटाच्या पेराएवढा काटा. महाराजांनी दिलेला अंगारा तिने त्याच्या कपाळाला लावला. तिन्हीसांजेला घाम फुटला आणि ताप उतरला. शास्त्रीबुवांनी मनगट धरलं, तर नाडी बोटांखाली स्वच्छ चालत होती. काय ही गुरुकृपा!

दुसऱ्या दिवशी ते घाण्याशी आले आणि महाराजांच्या पायांवर वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, “इथे नव्हे.”

शास्त्रीबुवा कोपऱ्याकडे वळले. “बाई,” ते म्हणाले. “तुमच्या मुलीचं नाव काय होतं?”

“ठकी,” ती म्हणाली. “सात दिवस तिचं पाणी तोडलंत, बुवा. नाव आज इचारताय.”

नातू वाचला होता, ठकी काही परत येणार नव्हती. धुंडिराजशास्त्र्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि तिच्यापुढे जमिनीवर डोकं टेकलं. कोंडाबाईने त्यांना उठा म्हटलं नाही, आणि महाराजांनीही नाही.