कोपऱ्यावरचा उजेड

त्या मुलुखात पाणी वर राहत असे आणि गाव खाली. दोघांच्या मध्ये एक भिंत होती. ती जुनी होती, आणि किती जुनी आहे हे विचारणं असभ्य समजलं जाई.

भिंतीवर पहारा बसलेला असे. खाली, गावाच्या वेशीपाशी, कानोसा राहत असे. पहाऱ्यानं बघायचं, कानोशानं ऐकायचं, आणि कानोशानं सांगितलं की गावानं उठून टेकडीवर जायचं, एवढीच काय ती व्यवस्था. टेकडी जवळ होती. निरोप वेळेवर आला तर म्हातारेकोतारेसुद्धा वर पोचले असते. पहाऱ्यानं आणि कानोशानं एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यामध्ये जमिनीखालून एक चर गेला होता आणि त्या चरात तांब्याचं घराणं नांदत होतं.

निरोप तांब्यातून थरथरत जाई. थरथर अंतरानं दमते, म्हणून चराच्या प्रत्येक वळणावर घराण्यातलं कुणीतरी वडीलधारं बसवलेलं होतं. दमलेला निरोप ऐकायचा आणि नव्या दमानं पुढे सांगायचा, हे त्याचं काम. सांगताना थोडं पदरचं घालायचं. 'भिंतीला ओल आली आहे' हा निरोप पहिल्या वळणावर 'भिंत जरा घामेजली आहे' असा होई, पुढच्या वळणावर 'वर उकाडा आहे' असा, आणि कानोशाच्या दाराशी पोचेपर्यंत 'वर सगळे खुशाल, आंबे पिकले' असा. याला त्या घराण्यात अनुभव म्हणत.

आणखी एक रीत होती. प्रत्येक वळणावर वडीलधाऱ्यांच्या उंबऱ्याशी काटकोनात वाकायचं, कपाळ दगडाला टेकायचं आणि मगच पुढे जायचं. तिला वाकण म्हणत. तांबं मुळात मऊ. वाकवलं की वाकतं, आणि मग तसंच राहतं. त्यामुळे वाकणीनं कुणाचं काही बिघडू शकतं, ही शंकासुद्धा तिथे कुणाला आली नव्हती.

एका पावसाळ्यात वीज पडली. ती भिंतीकडच्या टोकातून चरात शिरली आणि तांब्यानं तिलाही तितक्याच आदरानं खाली पोचवलं. कानोशाचा एक कान जळाला. पहिल्या वळणावर बसणारे ताम्रोजी घराण्याचे कर्ते होते. त्यांना कुणी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "वीज वरून आली. आम्ही पुढे दिली. आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही."

त्यानंतर पहाऱ्यानं काचेच्या घरची मुलगी चरात नांदायला आणली.

तिचं नाव नितळ. केसाएवढी बारीक, आणि सरळ. तिच्यातून थरथर जात नसे, उजेड जाई. पहाऱ्यानं वर दिवा दाखवायचा आणि तो तसाच्या तसा खाली कानोशाला दिसायचा.

घराणं तिला बघायला जमलं.

"एवढीशी?" जंगाली काकू म्हणाल्या. शेवटचं वळण त्यांचं. इतक्या वर्षांचा हिरवा गंज त्यांच्या अंगावर चढला होता आणि तो त्या दागिन्यासारखा मिरवत. "शिंक आली तर शोधायची कुठे हिला?"

"ऊब आहे का अंगात?" ताम्रोजींनी विचारलं. "आमच्यातून कानोशाला बारा महिने ऊब जाते. थंडीत तो आमच्याच जिवावर बसलेला असतो."

"नाही, मामंजी," नितळ म्हणाली. "ऊब मला नेता येत नाही. दोन्ही टोकांना कुणालातरी जागं राहावं लागतं, हेही खरं. पण मी वाटेत दमत नाही. आणि वीज माझ्यातून जात नाही."

"विचारलं एक, सांगितली चार," काकू म्हणाल्या. "तोंड मात्र आहे हो."

नितळ चरात उतरली ती वळणांपासून अंतर राखून, लांब वळसे घेत. तिच्यातून गेलेला पहिला निरोप असा होता: भिंतीला भेग पडली आहे, नखाएवढी, लक्ष ठेवून आहे. कानोशानं तो वाचला. पहाऱ्याचं बोलणं त्यानं जन्मात पहिल्यांदा जसंच्या तसं ऐकलं होतं. त्यानं गावाला सांगितलं. गावानं गाठोडी बांधून दाराशी ठेवली.

चरात मात्र बैठक बसली.

"आपल्या दारावरून निरोप गेला," ताम्रोजी म्हणाले. "कुणी ऐकला?"

कुणीच ऐकला नव्हता.

"मग गेला असं म्हणायचं तरी कसं?"

"तो कानोशाला पोचला, मामंजी," नितळ म्हणाली. "त्याच्यासाठीच होता."

"चर आमचा आहे, पोरी. इथून जो गेला तो वाकून गेला. तू आपली लांबून वळसा घालतेस, आमचा विटाळ असल्यासारखी."

"मी वळते की. मला फक्त वळायला रुंद जागा लागते. घडी घातली तर माझ्यातलं बाहेर सांडतं."

हशा पिकला. "रुंद जागा लागते म्हणे," कुणीतरी मागून म्हणालं, "महाराणीच आल्या." ताम्रोजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आमच्या सगळ्या सुना काटकोनात वाकल्या. कुणाची मान मोडल्याचं ऐकिवात नाही."

"त्या बोलत नाहीत म्हणून ऐकिवात नाही," नितळ म्हणाली.

ताम्रोजी हळू आवाजात म्हणाले, "वाकायचं नसेल तर चराबाहेर हो. कानोशाचं आम्ही बघू. आजवर बघतच आलोय."

ते कसं बघतील हे नितळला माहीत होतं. ती बाहेर गेली असती तर कानोशाच्या उरलेल्या एका कानाशी पुन्हा आंबे पिकले असते. एका वळणानं काय होणार, असं तिनं मनाला समजावलं आणि ताम्रोजींच्या उंबऱ्याशी ती वाकली.

तिच्या वाकलेल्या अंगातून उजेड बाहेर सांडला.

ताम्रोजींच्या घरात उजेड कधी पडलाच नव्हता. चरात सगळे चाचपडत जगत आणि तेच जगणं समजत. आता दगडांच्या शिरा दिसल्या, छतावरची मुळं दिसली, एकमेकांचे चेहरे दिसले. ताम्रोजी आपल्या हातांकडे बघत बसले. "पोरीत गुण आहे," ते अखेरीस म्हणाले. "फक्त वाकवायला हवी होती."

ही गोष्ट पुढच्या वळणांवर पोचायला किती वेळ लागणार? प्रत्येक उंबऱ्यानं आपली वाकण मागितली. जितकी घडी घट्ट तितका उजेड जास्त, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि मग घराघरांत चुरस लागली.

"ताम्रोजींकडे म्हणे सुईत दोरा ओवता येतो," जंगाली काकू कुरकुरल्या. "आमच्याकडे नुसतं धुरकट. अजून जरा लव की गं. मोडत नाहीस काही."

नितळ लवली. प्रत्येक वळणावर आपल्यातून काय निघून चाललंय हे तिला कळत होतं. 'भेग आता बोटभर रुंद आहे' हा निरोप वरून भरभक्कम निघाला. ताम्रोजींच्या घरात त्यातला पुष्कळसा सांडला, पुढच्या घरांत उरलेला वाटला गेला, आणि कानोशाच्या डोळ्यांसमोर नुसता एक पिवळट ठिपका आला. त्यात एकही शब्द वाचता येत नव्हता.

"नीट दिसत नाही," कानोशानं उलट कळवलं. "वाढव." हा निरोपही वाटेत सांडत सांडत वर गेला. पहाऱ्याला तो पुरता कळला नाही, तरी खालून कुणीतरी उजेड मागतंय एवढं समजलं. त्यानं दिवा मोठा केला.

वळणं झळाळली. "बघा, मान दिला की वरूनही मान येतो," ताम्रोजी म्हणाले. त्यांनी कोपऱ्यात बसायला नवीन दगड मांडले. संध्याकाळी सगळे तिथे टेकून गप्पा मारू लागले.

"मामंजी, तुमच्या घरात पडतो तो माझा उजेड नाही," नितळ सांगायची. "तो कानोशाचा निरोप आहे. तुम्ही त्यात बसला आहात."

"मग बसू दे की. एका कानाच्या माणसाला एवढा निरोप हवा कशाला?"

यावर सगळे पोट धरून हसले, आणि नंतर कितीतरी दिवस हे वाक्य चरात फिरत राहिलं.

एके दिवशी नितळनं जंगाली काकूंच्या वळणावर अंग ताठ केलं. ती दगडावरून निसटली आणि सरळ झाली. काकूंच्या घरात अंधार झाला, आणि कानोशाच्या टोकाशी पुष्कळ दिवसांनी एक अख्खा शब्द उमटला. 'हातभर' असा तो शब्द होता. काय हातभर, हे कळायच्या आत काकूंनी चर डोक्यावर घेतला. घराणं धावून आलं. नितळला दाबून पुन्हा वाकवण्यात आलं, आणि तिला बांधायचं काम लवीवर सोपवलं गेलं.

लवी ही काकूंची धाकटी सून. तांब्याचीच, पण अजून झळाळी न गेलेली. तिनं दोरीचे वेढे घातले आणि आवळले.

"लवे, सैल बांध," नितळ कुजबुजली. "तुला तर कळतंय."

"सवय होते गं. मलाही पहिल्यांदा वाकवलं तेव्हा वाटलं होतं, आपलं काही खरं नाही."

"मग?"

"मग काही नाही. माझ्यातून काही सांडलं नाही. आता मी फक्त सांगितलं तेवढंच पुढे सांगते." तिनं गाठ मारली. मागे काकू उभ्या होत्या, म्हणून पुन्हा एकदा ओढून मारली.

खाली कानोसा अस्वस्थ होता. जुन्या तांब्यातून कुणी बोलत नसलं तरी एक घूं घूं येत असे, त्यावरून पलीकडे कुणीतरी आहे एवढं कळायचं. काचेत तेही नव्हतं. वर सगळं ठीक असलं तरी शांतता, आणि सगळं संपलं असलं तरी तीच शांतता. शेवटी त्यानं जुन्या वाटेनं, तांब्यातूनच, विचारलं: काचेतून काही येत नाही. मुलीला काही झालं आहे का?

घराण्याला फार आनंद झाला. कित्येक दिवसांनी कुणी त्यांना काही विचारत होतं. प्रत्येक वळणानं आपापला शब्द घातला आणि एकमतानं उत्तर गेलं: पोरगी उत्तम नांदते आहे. घरोघरी उजेड आहे.

कानोशानं ते गावाला वाचून दाखवलं. गावानं दारातली गाठोडी उचलली, सोडली आणि कपडे पुन्हा पेटीत ठेवले.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. पहाऱ्यानं भिंतीकडे पाहिलं, मग हाताशी होतं नव्हतं ते सगळं तेल दिव्यात ओतलं. एकच शब्द त्यानं नितळच्या टोकाशी धरला. एवढा प्रखर शब्द तिच्यातून कधी गेला नव्हता. पहिल्या वळणावर तो पोचला आणि ताम्रोजींचं घर पांढरंफेक झालं.

"या, या," ताम्रोजींनी हाका मारल्या. "पोराबाळांना आणा. असा उजेड पुन्हा दिसायचा नाही."

नितळनं अंग ताठ केलं. ताम्रोजींच्या दगडावरून ती सुटली. मधल्या वळणांवरूनही, एकेक करून, तिनं स्वतःला ओरबाडून काढलं. तिच्या अंगावर चरे पडले. जिथून जिथून ती सुटली तिथे अंधार झाला, आणि त्या त्या घरातले लोक चरफडत उजेडाच्या मागे खाली निघाले. सगळं घराणं जंगाली काकूंच्या वळणावर येऊन थडकलं. तिथे ती बांधलेली होती, आणि वरून आलेला सगळा शब्द आता त्या एकाच घडीतून बाहेर ओसंडत होता. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, कानोसा अंधाऱ्या टोकाला डोळा लावून बसला होता.

"लवे," नितळ म्हणाली. "गाठ सोड. एवढी एकच."

लवीनं गाठीला हात घातला. एक वेढा सैल झाला. पलीकडच्या अंधारात काहीतरी लुकलुकलं.

"हात काढ," काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "पाहुणे आलेत घरात."

लवीनं हात काढला.

चराच्या वरच्या अंगानं दगडांमधून पाण्याची एक बारीक धार आली. पाठोपाठ दुसरी आली. काकूंच्या उंबऱ्याशी पोचता पोचता ती वीतभर रुंद झाली होती आणि त्या लखलखाटात नजर ठरत नव्हती.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "दारातून चांदी वाहतेय आमच्या."

सगळे पुढे सरकून काठावर बसले. वरून आलेला तो शब्द, 'पळा', त्यांच्या कपाळांवर, गालांवर, हसणाऱ्या ओठांवर लख्ख पसरला होता, आणि त्याच्या उजेडात त्यांनी जागा बघून एकेक करून पाय पाण्यात सोडले.