वेलदांड्याचं उघडं ताट

खाडीच्या धक्क्यावरून वर मोहल्ल्यात जाते ती ही जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. आइतवारी सकाळी इथे जरा टेकलात तर एक गंमत दिसेल. बायका हातात ताटं घेऊन वर-खाली करत असतात. ताटात तांबूस, लांबट, खोबऱ्यात घोळवलेले तळलेले गोळे. आणि ताटावर काही म्हणजे काही नाही. फडकं नाही, झाकण नाही, वर्तमानपत्राचा कागदसुद्धा नाही. पाऊस असला तर छत्री ताटावर धरतात आणि स्वतः भिजतात. मागे आरोग्यखात्याच्या एक बाई आल्या होत्या, त्या माश्यांबद्दल बरंच बोलल्या. गावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना त्यांना चार गोळे दिले. उघड्या ताटात.

या गोळ्यांना आम्ही कुशिस्ते म्हणतो. हे मूळचे इथले नाहीत. आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला केपटाऊन नावाचं बंदर आहे, तिथल्या मोहल्ल्यांत आइतवार उजाडला की घरोघर हेच तळतात. तिकडे त्याला कूसिस्टर म्हणतात. समुद्र ओलांडताना नावाचं थोडं इकडचं तिकडे झालं. आमच्या गावची माणसं पणजोबांच्या वेळेपासून आगबोटीने केपला जात. कुणी दुकानात राही, कुणी शिंप्याकडे, कुणी बंदरात. त्यांतलाच एक याकूब खलपे. त्याने लग्न तिथल्याच मुलीशी केलं. तिचं नाव गदीजा. तिला घेऊन तो आईला भेटायला वेलदांड्याला आला, तेव्हा अख्खा गाव धक्क्यावर जमला होता म्हणे. गदीजाला आमची बोली चारच बोलांपुरती येत होती. ‘या’, ‘बसा’, ‘बरं हाय’ आणि ‘अजून घ्या’. संसाराला एवढी भाषा पुरते, असं याकूब म्हणाला. ते काही खरं निघालं नाही.

याकूब तीन महिने राहिला. पाखाडीच्या वरच्या टोकाला त्याने घर बांधलं, आई रुकय्याबी आणि बायको दोघींना तिथे ठेवलं आणि वर्षाच्या आत येतो म्हणून बोटीवर चढला.

घराची घडी बसेतो दोन-तीन महिने गेले, आणि मग एका आइतवारी गदीजाने कूसिस्टरसाठी चूल पेटवली. तिच्या माहेरी रीत अशी, की कूसिस्टरचा पहिला घाणा शेजाऱ्यांचा. शेजारचं ताट रिकामं होऊन आलं की मग आपण खायचं. माणसाने एकट्याने खायची ही वस्तूच नव्हे. त्या काळी इथे यीस्ट कुठलं मिळायला? तिने बटाट्याच्या पाण्यात गूळ विरघळवून बाटली चुलीच्या कडेला ठेवली. तिसऱ्या दिवशी बाटलीने बूच उडवलं. मग गव्हाचं पीठ, कुस्करलेला बटाटा, बडीशेप, दालचिनी, वेलची, सुंठ, आणि केपहून पुरचुंडीत बांधून आणलेली संत्र्याची वाळलेली साल. तिन्हीसांजेला मळून ठेवलं, सकाळी तळलं, पाकात एक उकळी दिली. अकरा घरं, अकरा ताटं. प्रत्येक ताटावर खळ घातलेलं पांढरंशुभ्र फडकं, त्याला स्वतः विणलेली लेस. ताटं तिने स्वतः नेऊन दिली. प्रत्येक दारात म्हणाली, ‘अजून घ्या.’

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वेलदांड्यात गोडाचं तळण पांढऱ्या फडक्याखाली एकाच दिवशी दारात येतं. घरात माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी. घेणारी बाई काही विचारत नाही, कारण कोण गेलं ते तिला माहीत असतं. ताट घ्यायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, गेलेल्यासाठी दुआ मागायची. बस.

त्या दिवशी अकरा बायकांनी ताटं घेतली, पदर घेतले आणि मग त्यांना कळेना की दुआ नक्की कुणासाठी मागायची. पहिला गळा शहरबानूने काढला. ही गदीजाच्या शेजारची, आवाज असा की पलीकडच्या गावचे कुत्रे उठून बसत.

‘अगो बाय, याकूब गेला गो! ह्या पोरीला खबर आली आणि ही गप ऱ्हायली गो!’

अकराच्या अकरा जणी रडत निघाल्या. रुकय्याबी खाडीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेली होती. तिला वाटेतच गाठलं. ‘याकूबचं चाळिसावं’ एवढेच शब्द तिच्या कानावर पडले. ती होती तिथे चिखलात बसली. टोपलीतल्या तिसऱ्या सांडल्या, त्या कुणी गोळा केल्या नाहीत.

इकडे गदीजा दारात उभी. कोपरापर्यंत पीठ. तिने पाहिलं तर अख्खी आळी तिच्या घराकडे येते आहे. केपला असंच होई. ताटं गेली की शेजारणी येत, बसत, दुपार करून जात. तिचा चेहरा असा उजळला, की शहरबानू म्हातारपणीसुद्धा त्याबद्दल बोलताना खाली बघायची. गदीजाने घरातल्या सगळ्या चटया अंथरल्या आणि म्हणाली, ‘या, या. बसा.’

‘नवरा मेला आणि हसते बघा!’ शहरबानू म्हणाली.

पुढे काय झालं याच्या सात तऱ्हा आहेत. सगळ्यांत एवढं एक सारखं आहे, की गदीजाने याकूबची त्याच सकाळी हाती आलेली चिठ्ठी आणून दाखवली, मशिदीतल्या खतीबांनी ती वाचली, आणि याकूब झांजिबारच्या बंदरात बसून मजेत कलिंगड खात असल्याचं सिद्ध झालं. रुकय्याबीला बायकांनी धरून घरी आणलं होतं, ती उठली. सुनेकडे बघून एकच वाक्य बोलली.

‘जित्या लेकराचं चाळिसावं घातलंस.’

गदीजाला त्यातला ‘लेकरू’ हा शब्द तेवढा कळला. तिने मान हलवली आणि म्हणाली, ‘बरं हाय.’

त्याच दुपारी रुकय्याबीने आपली वळकटी उचलली आणि पाखाडीच्या तळाशी असलेल्या जुन्या झोपड्यात राहायला गेली. अकरा ताटं दाराबाहेर परत आली, जशी गेली तशी.

एवढ्यावर निभावलं असतं. पण नशिबाचा खोडसाळपणा बघा. याकूबची ती चिठ्ठी शेवटची ठरली. बोट केपला लागली की नाही, याकूब उतरला की नाही, कुणी सांगू शकेना. वर्ष झालं, दोन झाली. गाव म्हणालं, त्या ताटाने नेलं त्याला. तोंडावर कुणी म्हणालं नाही. तोंडावर कुणी काहीच म्हणेना, तीच तर खरी शिक्षा. विहिरीवर गदीजा आली की बोलणं थांबे. ती गेली की सुरू होई. दुरून पाहिलं तर वाटे, ती शांतता पायात बांधून चालली आहे.

तिने मात्र आइतवार सोडला नाही. दर आइतवारी अकरा ताटं जात, आणि बारावं तळाशी सासूकडे. मोठ्या हौसेने खळ घातलेल्या, लेस लावलेल्या पांढऱ्या फडक्याखालची. दुपारी तशीच दाराशी येत. मग ती ते सगळं कावळ्यांना घाली. त्या काळात वेलदांड्याचे कावळे इतके जाड झाले होते की माडावर बसले तर झावळी तुटे. स्वतः तिने एक घास तोंडात घातला नाही, कारण ताट रिकामं होऊन आलं नव्हतं.

आणि तिला वाटायचं काय, तर आपलं रांधणं यांना आवडत नाही.

यावर हसू नका. पांढऱ्या फडक्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गावाला वाटे, ही सगळं जाणून मुद्दाम करते आहे. तिला वाटे, बडीशेप जास्त होते आहे. म्हणून पुढच्या आइतवारी तिने बडीशेप कमी केली. तरी ताट परत. मग साखरेच्या जागी गूळ घातला. परत. संत्र्याची साल संपली तेव्हा कोकणातल्या ईडलिंबाची साल वाळवली. परत. तांदळाचं पीठ मिसळलं, जायफळ आणलं, वरून ओलं खोबरं लावलं, मग सुकं लावून पाहिलं. आज तुम्ही खाता तो कुशिस्ता, तो गुळाचा पाक, ते भाजलेलं खोबरं, ते सगळं अशाच परतलेल्या ताटांतून आलं आहे. जगातला सगळ्यात चवदार पदार्थ एका बाईने सात वर्षं सुधारला, आणि तो चाखला फक्त कावळ्यांनी.

सातव्या वर्षी काय झालं ते मला जसं सांगितलं गेलं तसं सांगतो. एका शनिवारी तिने पीठ मळलं आणि, कोण जाणे का, नेहमीच्या घरांचं नव्हे तर केपच्या आपल्या अख्ख्या गल्लीचं मळलं. आईच्या घरचं, मावशीचं, कोपऱ्यावरच्या शिंप्याचं, सगळ्यांचं. पातेल्यावर परात, परातीवर वरवंटा ठेवला. सकाळी उठून बघते तर वरवंटा छपराला टेकलेला. काही लोक सांगतात, माडाच्या शेंड्याला टेकला होता, पण ते लोक थापाडे आहेत. छपरालाच. पीठ फुगत होतं. ते उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि पाखाडीवरून एकेक पायरी उतरू लागलं. शहरबानूच्या दाराशी आलं, थांबलं नाही. बाकीच्या दहाही दारांशी थांबलं नाही. थेट तळाशी गेलं आणि रुकय्याबीच्या उंबऱ्याशी जाऊन गप बसलं, दमलेल्या जनावरासारखं. मधल्या आठ पायऱ्या तेव्हापासून गुळगुळीत आहेत. उतरताना जपून उतरा.

पिठामागून गदीजा आली. हातात एक ताट, त्यावर पांढरं फडकं. सात वर्षांत विहिरीवर चोरून ऐकून ती बोली शिकली होती, पण बोलायची सवय नसल्याने आवाज फुटत नव्हता.

रुकय्याबी दारात आली. ‘आता काय ऱ्हायलं?’

‘एकच सांग,’ गदीजा म्हणाली. ‘मग परत येणार नाय. यात काय कमी पडतं?’

‘कशात?’

‘ह्याच्यात. मीठ? तूप? सात वर्षं मी बदलून बघते. तुम्हाला कायच आवडत नाय.’

रुकय्याबी तिच्याकडे बघतच राहिली. ‘मी कधी खाल्लंच नाय,’ ती म्हणाली. ‘ते खाल्लं म्हणजे माझा याकूब मेला.’

‘असं कसं?’

‘असं कसं म्हणजे? पांढरं फडकं घालून आणतेस. चाळिसाव्याचं. तुला ठाव नाय?’

गदीजाने फडक्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. ‘आमच्याकडे पाहुण्यासाठी पांढरं घालतात,’ ती हळूच म्हणाली. ‘धुतलेलं हाय ते कळावं म्हणून.’

‘आणि सात वर्षांत तुला कुणी सांगितलं नाय?’

‘माझ्याशी बोलतंय कोण?’

समोर खाडीची भरती पुरी चढून उतरायला लागली, तरी दोघी दारात तशाच उभ्या होत्या, असं सांगतात. एकीने सात वर्षं मुलाला मरू दिलं नव्हतं आणि त्यासाठी सुनेला उपाशी ठेवलं होतं. दुसरीने सात वर्षं चव शोधली होती, आणि चव कधी चुकलीच नव्हती. मग म्हातारी पुढे झाली. तिने फडक्याची दोन टोकं धरली, ओढून काढलं आणि चुलीत घातलं. ताट उघडं पडलं. त्यातला कुशिस्ता उचलण्याआधी तिने सुनेला विचारलं. आमच्याकडे कुणी सणासुदीचं काही घेऊन आलं की विचारतात तेच, साधंच.

‘घरात सगळी हायत?’

याकूबची खबर तेव्हाही नव्हती. पुढेही कधी आली नाही. तो आता येणार नाही हे दोघींनाही कळत होतं, असं मला वाटतं. गदीजाने खालचा ओठ दाताखाली धरला, सोडला, आणि म्हणाली, ‘हायत. सगळी.’

तेव्हा म्हातारीने पहिला घास खाल्ला. उभ्याने, दारातच. मग दुसरा गदीजाच्या तोंडात घातला. त्या उंबऱ्यावर बसून दोघींनी अख्खं ताट संपवलं म्हणे.

पुढच्या आइतवारी रुकय्याबी वर राहायला आली, आणि अकरा ताटं उघडी गेली. शहरबानूने पाच कुशिस्ते खाल्ले, रडली, आणि रडता रडता ‘गूळ जरा जास्त झालाय गो’ म्हणाली. गदीजाने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळीही गूळ तेवढाच घातला.

त्यानंतर गावाने एक धडा घेतला, आणि तो जरा जास्तच घेतला. वेलदांड्यात नवी सून आली की पहिल्या सकाळी आळीतल्या सगळ्या बायका एकेक करून येतात आणि तिला सगळं सांगतात. कुठल्या विहिरीचं पाणी जड, कुणाच्या घरी कुणाचं नाव काढायचं नाही, कुठलं फडकं कधी घालायचं. हे दुपारपर्यंत चालतं. गेल्या वर्षी चिपळूणची एक सून त्यातल्या सातव्या बाईपुढे झोपून गेली. तरी उरलेल्या चौघींनी तिला सांगून झाल्याशिवाय घर सोडलं नाही.

आजही इथे ताट देणारी आणि घेणारी यांच्यात रुकय्याबीने विचारलं होतं तेवढंच बोलणं होतं. विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, घेणारीने दारात पहिला घास खाल्ल्याशिवाय देणारीने परत फिरायचं नाही. वरच्या आळीला फातमाबी राहतात. नवरा कबरस्तानात, एक मुलगा मस्कतला, एक कुवेतला, मुलगी कुठे आहे ते त्या सांगत नाहीत. गेल्या आइतवारी त्या काठी टेकत पाखाडी उतरून आमच्या दारात आल्या, एका हातात ताट. माझ्या बायकोने विचारलं, ‘घरात सगळी हायत, फातमाबी?’

त्यांनी ताट पुढे केलं.

‘हायत गो. सगळी हायत. खा.’