मोकळ्या मातीच्या वशाची कहाणी

ऐका तुळशीमाते, तुमची कहाणी. नदीकाठी एक नांदतं नगर होतं. तिथं एक ब्राह्मण राहत होता. घरात त्याची म्हातारी आई होती, बायको मथुरा होती. अंगणात सगळी फरशी, म्हणून तुळस मोठ्या कुंडीत लावलेली.

सासूचा नेम मोठा कडक. कुंडी चिकणमातीनं भरावी, मुसळानं चोपावी, वरून शेणानं सारवावी. फरशी ओली होऊं नये म्हणून बुडाचं भोक लाखेनं बुजवावं. सकाळी तांब्या ओतावा, दुपारी तांब्या ओतावा, सांजेला तांब्या ओतावा. पाणी वरच तळं करून बसे.

मग काय झालं? तुळस वाळली. सासू म्हणाली, "मथुरे, तुझा पायगुण वाईट." दुसरी लावली, तीही वाळली. सासूनं चार शेजारणी बोलावल्या. म्हणाली, "बघा हो, हिच्या हातचं पाणी तुळससुद्धा पीत नाही." त्या दिवसापासून मथुरेला कुणी हळदीकुंकवाला बोलावीना.

मथुरेनं वाकून पाहिलं, मातीला कुबट वास येत होता. म्हणाली, "सासूबाई, मातीचा दगड झालाय. जरा उकरूं का?" सासू म्हणाली, "नको." मग म्हणाली, "लाख तरी काढूं का?" सासू म्हणाली, "नको." मग म्हणाली, "आज पाणी तरी राहूं देऊं का?" सासू ओरडली, "तुळशीला तहानेनं मारतेस?" माती चोपली कुणी, भोक बुजवलं कुणी, आणि नाव कुणाचं!

तिसरी तुळस पिवळी पडली, तशी सासूनं कुंडी मथुरेच्या हातीं दिली. "घे ही आणि चालती हो." नवरा खांबाशी उभा. बोलला नाही, चालला नाही.

मथुरा नदीकाठच्या देवळात जाऊन बसली. तिथं एक म्हातारी आली. धापा टाकीत होती. म्हणाली, "बाई बाई, रडतेस का?" मथुरा म्हणाली, "रडत नाही आजीबाई, संतापल्ये. तीन तुळशी गुदमरून मेल्या, आणि डाग मला लागला!" म्हातारी म्हणाली, "तिसरी मेली नाही अजून. उताणी निजवून तुझ्या छातीवर कुणी मुसळ घातलं, तर श्वास घेशील? मातीलाही वारा लागतो, मुळांनाही लागतो. मी वसा सांगत्ये तो घे."

"वसा कसा घ्यावा?"

"चैत्रातल्या पहिल्या आदितवारी घ्यावा. कुंडी आडवी करावी, रोप मातीच्या गोळ्यासकट काढावं. गोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं सुटा करावा. काळी सडकी मुळं कापावीत, पांढरी राखावीत. बुडाचं भोक मोकळं करावं, वर एक खापरी आडवी ठेवावी. मातीत नदीची वाळू, कुजलेला पाला, जुनं शेणखत मिसळावं. रोप लावून कुंडी नुसती हलवावी, माती आपली आपण बसते. मग बोट घालून पाहावं. ओलं लागलं तर पाणी घालूं नये, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत घालावं. चोपूं नकोस, थापूं नकोस, घेतला वसा टाकूं नकोस."

मथुरेनं वर पाहिलं, म्हातारी नव्हती. नुसती भुई होती, भुसभुशीत.

मथुरेनं सांगितल्यासारखं केलं. मुळांत एकच पांढरं मूळ उरलं होतं, तेवढं जपलं. एक आठवडा गेला, काही नाही. दुसरा गेला, काही नाही. तिसऱ्या आठवड्यात काडीला डोळा फुटला. मग पानं आली, मग मंजिऱ्या आल्या.

इकडे सासूनं चौथी तुळस लावली, तशीच चोपली. तीही वाळली. शेजारणी जमल्या, म्हणाल्या, "सून तर घरात नाही, आतां कुणाचा पायगुण?" नदीकाठच्या देवळात मथुरेची तुळस फुलल्याचं सासूच्या कानीं आलं. लेकाला घेऊन ती देवळात आली. तुळस पाहिली, मातीला हात लावला. म्हणाली, "मथुरे, नवी सून होते तेव्हां माझी तुळस वाऱ्यानं उपटून पडली. माझ्या सासूनं वर्षभर टोचून खाल्लं. तेव्हांपासून घट्ट चोपत्ये ग, पडूं नये म्हणून."

मथुरेला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. म्हणाली, "टोचणं काय असतं ते तुम्हांला ठाऊक होतं, तरी मला टोचलंत!" नवरा पुढे झाला, म्हणाला, "झालं गेलं, घरी चल." मथुरा म्हणाली, "त्या दिवशी गप्प होतात, आजही गप्प राहा. घरच्या कुंडीची लाख तेवढी आपल्या हातानं फोडा. आणि सासूबाई, चारचौघींत बोललात, ते चारचौघींत मागं घ्या. मग येत्ये."

मग सासूनं साऱ्या नगरातल्या बायका बोलावल्या. अंगणात उभी राहिली, हात जोडले, म्हणाली, "माझ्या सुनेच्या पायांत दोष नाही. मीच तुळशी मारल्या, आणि हिला डाग लावला." तिनंच मथुरेला पहिलं कुंकू लावलं. लाख फोडून फोडून नवऱ्याच्या बोटांना फोड आले, तरी कुणी त्याला पुरे म्हटलं नाही.

जशी माती मथुरेवर प्रसन्न झाली, तशी तुम्हां आम्हां होवो. कुणाच्या लेकीवर खोटा आळ न येवो, आला तर तो घालणाऱ्याच्या तोंडूनच फिटो. साठ बोलांची ही कहाणी, पांच बोलांत सांगितली, फळली, फुलली, पुरी झाली.