कोंडिबांची पंगत

श्रोतेहो, वरदनाथ महाराज तेव्हा देवखेडीच्या मठात मुक्कामाला होते. तिथे कोंडिबा नावाचे भक्त राहत. हातपाय त्यांचं ऐकत नसत आणि एकेक शब्द ओठांवर यायला वेळ लागे. त्यांची सेवा सगुणा करी. तिची एक रीत होती. उचलण्यापूर्वी ती विचारी, "दादा, उचलू का?" भरवण्यापूर्वी विचारी, "आधी वरणभात की भाजी?" आणि उत्तर येईपर्यंत थांबे.

महाराजांना याचं मोठं कुतूहल! एकदा त्यांनी विचारलंच, "सगुणे, इतका वेळ कशाची वाट पाहतेस गं?"

"त्यांचं बोलणं वाटेत असतं, महाराज. मी घाईने घास भरवला, तर ते तोंडातच राहील."

महाराज प्रसन्न हसले. मठाचे कोठारी त्र्यंबकपंत मात्र तिची टर उडवत. "उंबराही विचारून ओलांडतेस का गं? सगळं एकत्र कालव आणि भरव!"

उत्सवाचा दिवस आला. वर्षभर कोंडिबा या एका पंगतीची वाट पाहत असत. पानं वाढली गेली, तोच पंत कडाडले, "याच्यापायी सगळी पंगत खोळंबते. याला गोठ्यात नेऊन बसवा! आणि सगुणे, पटत नसेल तर उद्यापासून मठात पाऊल टाकू नकोस." कोंडिबांचे डोळे भरले. ओठ हलू लागले, पण थांबतो कोण!

दोन गडी पुढे झाले. कोंडिबांचा देह तो केवढासा, पण हलेना! चौघे झाले, सहा झाले. काय नवल सांगावं, पाटसुद्धा जागचा सरकेना! पंतांनी स्वतः जोर लावला आणि घामाघूम होऊन महाराजांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहता, पंत?" महाराज म्हणाले. "ज्यांना उचलायचंय, त्यांना विचारलंत का?"

पंत खाली बसले. "कोंडिबा... उचलू का तुम्हांला?"

उत्तर येईना. पंतांचा हात सवयीने पुढे गेला. त्यांनी तो मागे घेतला. कोंडिबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"न...को."

"बरं. मग काय करू?" आता पंतांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बसा... शेजारी."

पंतांना हुंदका आवरेना. "चुकलो, दादा!" म्हणत त्यांनी कोंडिबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग सगुणेकडे वळून म्हणाले, "सगुणाबाई, आज मी भरवू का त्यांना?"

"मला काय विचारता, पंत? त्यांनाच विचारा."

पंतांनी हात जोडून विचारलं. भात निवत होता, आणि अवघी पंगत उत्तरासाठी थांबली होती. महाराजसुद्धा.