तिसरी रेघ

शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिताना चुका झाल्या असतील. शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. आमच्या बोंदराआजाने पाहुण्यांना सांगितली तशी ही गोष्ट लिहिली आहे.

ओढ्याकाठी गेरूने लाल झालेला एक खडक आहे. आमच्या पाड्यात तीर घरी तयार होतो, पण त्याच्यावरच्या रेघा याच खडकावर, दिवसाउजेडी, चारचौघांसमोर ओढतात. त्याचे कारण असे सांगतात.

फार पूर्वी वेस्ता नावाचा तीर करणारा होता. काडी विस्तवावर शेकून सरळ करावी, घासून गुळगुळीत करावी, पिसे आतड्याच्या तातीने घट्ट बांधावीत, ती त्यानेच. पिसांखाली गेरूच्या रेघा असत. त्यांवरून शिकार कोणत्या घरची ते कळे. वेस्ताच्या घरच्या दोन रेघा, शेजारच्या रायमलच्या तीन. एकदा स्वतःचा तीर इतका देखणा उतरला की वेस्ताने हौसेने तिसरी रेघ ओढली. घरात कोण बघतंय, असे त्याला वाटले.

त्याच आठवड्यात अंधार पडताना झुडपात काही हलले, ते डुक्कर समजून त्याने तो तीर सोडला. आवाज आला नाही, तेव्हा नेम चुकला म्हणत तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्या झुडपामागे ओढ्यापलीकडच्या पाड्यातला खातऱ्या मेलेला सापडला. मध काढायला आला होता. पाठीत तीन रेघांचा तीर होता. जिवाला जीव, असा तेव्हाचा न्याय. पलीकडच्यांनी रायमलला धरून खडकावर आणले.

"रेघा माझ्याच आहेत," रायमल म्हणाला. "पण मी काल घर सोडलंच नाही."

"मग तीर एकटाच चालत आला?" गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

वेस्ता तिथेच उभा होता. गप्प राहिला असता तर वाचला असता. तो पुढे आला, तीर हातात घेतला आणि तिसरी रेघ नखाने खरवडून काढली.

"ही हौसेची होती. तीर माझा आहे. त्याला सोडा."

खातऱ्याची म्हातारी आई ठुमली हिने त्याच्या हातून तीर काढून घेतला.

"तुला मारलं तर माझ्या नातवांना तीर कोण करून देईल? त्यांचा बाप तर तू नेलास. चल माझ्या घरी."

वेस्ता तिच्यामागून ओढा उतरला. मरेपर्यंत पलीकडेच तीर करत राहिला, पण धनुष्य त्याने पुन्हा उचलले नाही, म्हणे.

आजही शेवटची रेघ ओढताना मालकाचे नाव पलीकडे ऐकू जाईल असे घ्यावे लागते.

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मी रेघा घरातच ओढत होतो. गोष्ट ऐकली, त्याच्या दुसऱ्या सकाळी माझा तीर घेऊन खडकावर गेलो. रेघ ओढली, नाव घेतले. आवाज बारीक निघाला.

"पलीकडे गेलं नाही," आजा म्हणाला.

मी पुन्हा नाव घेतले.