भिवराबाईंच्या हातचे वळवट

शके अठराशे शहात्तर, म्हणजे १९५४ सालचा वैशाख. त्या वर्षी श्री वाकळनाथ महाराजांचा मुक्काम निंबेखळे या गावी होता. मारुतीच्या देवळामागे पत्र्याची एक पडवी होती, तिथे महाराज बसत. अंगावर सदैव एक वाकळ. गावोगावच्या बायकांनी आपापल्या जुन्या लुगड्याचा तुकडा जोडत जोडत ती शिवून दिलेली होती. भर उन्हाळ्यातही ती अंगावरून उतरत नसे.

महाराज रागीट होते, हे भाविकांनी आधीच जाणून घ्यावे. गोड बोलून पाठीवरून हात फिरवणारे संत पुष्कळ झाले असतील. आमचे महाराज तसे नव्हते. त्यांच्यापुढे ताट ठेवले की पहिला प्रश्न असे, "कोणाच्या हातचं?" सुनेला राबवून सासू मिरवत ताट घेऊन आली, तर ते बाजूला सारून म्हणत, "जिनं केलं तिला पाठव." आणि ती सून डोक्यावरचा पदर सावरत आली की तिच्यादेखत शेवटच्या शितापर्यंत जेवत. स्वतःही रिकामे बसत नसत. कोणी दर्शनाला गेले तर महाराज पळसाची पाने टोचून द्रोण लावताना दिसायचे, नाहीतर कापूस पिंजून वाती वळताना. त्या वेळी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. लहान मूल ओल्या मातीत रमते तसे ते रमायचे.

त्याच गावात भिवराबाई राहत. नवरा ऐन तारुण्यात गेला. पदरात एक मुलगी, कौसल्या. रोजाने शेतात जायचे आणि उरलेल्या वेळात घरी हाताने काही ना काही करायचे, एवढाच त्यांचा संसार. पण काय हात होता त्या बाईचा! पापड लाटला तर पोळपाटावरची रेघ पलीकडून दिसावी. आणि वळवट तर भिवराबाईंनीच करावे. आजच्या मुलींना हा शब्दही ठाऊक नाही, म्हणून सांगते. दुधात भिजवून कुटलेल्या रव्याच्या कणकेचे चिमटीत बारीक बारीक दाणे वळायचे. जिऱ्याएवढे ते गव्हले, नखावर दाबले की नखुले, फणीच्या दातांवरून फिरवले की मालत्या. सुपात वाळवायचे आणि लग्नात खीर करायची. दाणा बोटातून सुटताना जे सुख होते ते भिवराबाईंच्या ओठांवर दिसायचे. "महाराज, महाराज" असे पुटपुटत त्या वळत राहायच्या.

कौसल्येचे लग्न शेजारच्या वाडगावच्या थोपट्यांकडे ठरले. लग्नघरी वळवटाचा मुहूर्त असतो. सवाष्णी जमतात, पाटाला हळदीकुंकू लावतात, पहिले पाच दाणे त्या वळतात, मग बाकीचे. रीतीप्रमाणे बायका आल्या आणि रीतीप्रमाणेच त्यांनी भिवराबाईंना मागच्या खोलीत जाऊन बसायला सांगितले. कारण त्या विधवा. मुलगी हिची, घर हिचे, रवा हिने दळलेला, आणि हिनेच दाराआड बसायचे. मी तेव्हा परकरी पोर होते, पण त्या मिटलेल्या दाराचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तेवढ्यात महाराज अंगणात आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. आत पाहून त्यांनी विचारले, "पोरीची आई कुठाय?" बायकांनी मागच्या दाराकडे पाहिले. महाराजांनी हातातली काठी उंबऱ्यावर आपटली आणि असे काही ओरडले की दोन बायका पाटावरून उठल्याच. "नऊ महिने पोटात वाढवली तेव्हा चालली, आता दाणा वळायला चालत नाही? भिवरे, बाहेर ये. पहिला दाणा तुझा."

भिवराबाई बाहेर आल्या. महाराजांचा शब्द मोडवेना आणि रीत मोडायची भीती वाटत होती. शेवटी त्यांनी डोळे मिटून पहिला गव्हला वळला. महाराज निघून गेले. बायकांनीही मग काम पुरे केले; पण ही गोष्ट ज्याला कळायची त्याला कळली.

लग्नाच्या दिवशी दुपारी वऱ्हाड आले. नवरदेव विष्णूची आई त्याच्या लहानपणीच गेलेली. त्या घरात शब्द चालायचा तो आत्याचा. सगुणाबाई तिचे नाव. तालुक्याच्या गावी यजमानांची लाकडाची वखार, त्यामुळे मान ताठ. मांडवात रुखवत मांडले होते: परड्यांतून पांढरे, पिवळे, गुलाबी वळवट, कौसल्येने शिवलेली दुपटी, मण्यांचे तोरण, कापसाचे ससे. सगुणाबाईंनी एक चक्कर मारली आणि हसल्या.

"अगंबाई, हे किडामुंगीएवढं वळत बसायला वेळ बरा मिळतो तुम्हाला. आमच्याकडे यंत्राच्या शेवया आणतो आम्ही. डोळे फुटायला नकोत की कंबर मोडायला नको."

कोणी तरी हळूच त्यांच्या कानात मुहूर्ताची हकीकत घातली. मग हसणे संपले. सगुणाबाई भर मांडवात म्हणाल्या की ज्या वळवटाची सुरुवात विधवेने केली ते आमच्या पोराच्या घशाखाली उतरणार नाही. हे सगळे ओढ्यात टाका. ही बाई अक्षता पडेपर्यंत वेशीबाहेर जाऊन बसू दे. नाहीतर जानवसा आत्ता हलवते.

लग्न मोडलेल्या मुलीचे पुढे काय होत असे ते जुन्या माणसांना सांगायला नको. कौसल्या हळदीच्या अंगाने कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे पाहून भिवराबाईंनी हात जोडले.

"मी जाते वेशीबाहेर, ताई. पण पोरीचं वळवट टाकू नका. त्यात माझ्या महाराजांचं नाव आहे."

"कसले महाराज? दारोदार तुकडे मागणारा गोसावी तो," सगुणाबाई म्हणाल्या आणि उजव्या हाताने समोरची मोठी परडी उलटी केली. वळवट मांडवाच्या दारात धुळीत सांडले.

आणि तो हात तसाच राहिला. परडी खाली पडली, पण ती धरलेली बोटे आत वळली ती सुटेनात. आधी त्यांना वाटले पेटका आला. मग ओढून पाहिले, दुसऱ्या हाताने उकलून पाहिले. मूठ दगडासारखी. सगुणाबाई घाबरल्या, पण गर्व गेला नव्हता. हिने करणी केली म्हणून ओरडत त्यांनी गाड्या जुंपायला लावल्या. बैल मांडवाच्या दारापर्यंत आले आणि थांबले. गाडीवानाने शेपट्या पिरगाळल्या, चाबूक ओढला. पण सांडलेल्या दाण्यांवर बैलांनी खूर ठेवला नाही. जनावरांना जे कळले ते माणसांना कळले नव्हते.

दिवस कलत चालला होता. मुहूर्त गोरजाचा. भटजी पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहत होते. तेव्हा गल्लीच्या टोकाला वाकळ दिसली. महाराज येत होते, आणि इतके संतापलेले महाराज कोणी कधी पाहिले नव्हते. ते कोणाशी बोलले नाहीत. बैलांच्या पुढ्यात, धुळीतच मांडी घालून बसले आणि एकेक दाणा वेचून वाकळीच्या ओच्यात टाकू लागले. भाविकहो, पाहणाऱ्यांनी शपथेवर सांगितले आहे, त्या दाण्यांना धुळीचा कणही लागलेला नव्हता.

ओचा भरल्यावर महाराजांनी वर पाहिले. "तुझ्या आयुष्यात या हातानं काय केलंस ते सांग."

सगुणाबाईंनी मिटलेली मूठ पदराआड घेतली.

"एखादी वात? एखादा टाका? कोणासाठी एक घास?" आवाज चढत गेला. "हात दिला तो दुसऱ्याचं उलटं करायला? मग मिटलेलाच बरा."

तेव्हा कुठे ती बाई रडली. तिने काही आठवून पाहिले असावे आणि काही सापडले नसावे. महाराजांनी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा मागवला आणि भिवराबाईंना म्हणाले, "हिचा हात हातात घे. वळायला शिकव."

भिवराबाईंनी मान हलवली. उभ्या जन्मात महाराजांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. "नाही महाराज. माझ्या पोरीच्या अंगावर हळद असताना हिनं तिच्या सुखात माती घातली. मला राग आलाय."

सगळ्यांना वाटले, आता काठी आपटणार. पण महाराजांचा आवाज एकदम खाली आला.

"येऊ दे राग. मलाही आलाय. रागही धर आणि हातही धर."

भिवराबाई खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते, जबडा आवळलेला होता, तरी त्यांनी सगुणाबाईंची मूठ आपल्या तळव्यात घेतली. बोटांच्या फटीत कणकेचा कण सरकवला आणि आपल्या अंगठ्याने त्यांचा अंगठा फिरवू लागल्या. बऱ्याच वेळाने एक दाणा बाहेर पडला, वाकडा, चिंचोक्याएवढा. त्याच्यापाठोपाठ अंगठा सुटला. मग तर्जनी. दाण्यामागून दाणा पडत गेला तशी मूठ उकलत गेली, आणि त्या धनवंतीण बाईच्या तोंडावर लहान मुलीसारखे नवल उमटले. तिला थांबवेना. "अजून एक करू का?" असे तिनेच विचारले.

मग ती उठली आणि महाराजांच्या पायांवर पडायला गेली. महाराजांनी पाय मागे घेतले आणि काठीने भिवराबाईंकडे दाखवले. जिच्या सावलीचा विटाळ मानला होता, त्या बाईच्या पायांवर सगुणाबाईंनी भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडादेखत डोके ठेवले. धुळीतल्या वळवटाचीच खीर झाली. विष्णूला पहिला घास भिवराबाईंनी भरवला, लेकीला कुंकूही त्यांनीच लावले, आणि सूर्य टेकायच्या आत अक्षता पडल्या.

पुढे काय झाले तेही सांगते. कौसल्येचा संसार चांगला झाला. तिच्या सासरी वळवटाचा मुहूर्त घरातली सर्वांत वडील बाई करते, तिचे कपाळ कोणी पाहत नाही. विष्णूने वाडगावात महाराजांसाठी पडवी बांधली, पण महाराज तिथे राहायला कधी गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते निंबेखळ्याहूनही निघाले आणि त्यांची समाधी नदीपलीकडच्या माळावर झाली. भिवराबाई म्हातारपणापर्यंत वळत राहिल्या. शेवटी डोळ्यांनी दिसेनासे झाले, तरी बोटांना दिसत होते.

सगुणाबाई दर वैशाखात निंबेखळ्याला येत, भिवराबाईंच्या पाटाशेजारी पाट मांडून बसत. पुढे त्यांचे यजमान गेले. नातीचे लग्न निघाले, तेव्हा त्यांच्याच सुनांनी त्यांना मागच्या खोलीत बसायला सांगितले. सगुणाबाई उठल्या, सवाष्णींच्या मधोमध येऊन बसल्या, परात पुढे ओढली आणि पहिला दाणा वळला. त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.